सोललेलं थुनेर: हे झाड जगेल का?

पाऊलवाट

(संपादन: वाटेचं आणि जवळच्या गावाचं नाव काढून टाकलं आहे. कारण खाली प्रतिसादांत सापडेल.)

ऑक्टोबरात आम्ही चौघं गढवालात भटकत होतो. २६०० मीटरच्या आसपास खरसूचं रान लागलं. खरसू म्हणजे तिथला ओक. पानांच्या कडांना काटे, खोडांवर बोटभर शेवाळ, आणि भर दुपारी टॉर्च काढावा असा अंधार. त्या अंधारात एक झाड वेगळं दिसलं. पानं सपाट, गडद हिरवी, फणीच्या दातांसारखी दोन्ही बाजूंना लागलेली. मी सवयीने पानं चुरगाळून नाकाशी नेली, तर काहीच वास नाही. देवदार काय, रई काय, सगळ्यांना राळेचा वास असतो. याला नाही.

मग खोडाकडे लक्ष गेलं. कमरेपासून माझ्या डोक्याच्या वरपर्यंत साल नव्हती. कोयत्याचे घाव स्पष्ट दिसत होते, पण जुने; कडांना साल वळून गोल झाली होती. वाटाड्या म्हणाला, "हे थुनेर. आमची आजी याची साल चहात टाकायची. तिला बोटभर पुरायची. नंतर पोती घेऊन लोक यायला लागले." एवढं बोलून तो पुढे निघाला. मला मात्र ते झाड सोडवेना.

तीन प्रश्न आहेत. हे नक्की कोणतं झाड? पोती भरभरून साल कशाला नेतात? आणि मुख्य म्हणजे, ते जगेल का? फोटो दोनच आहेत, तेही हललेले.

शंकासुर

फोटो बघून फक्त एवढं कळलं की तुमचा हात थंडीने थरथरत होता.

बाकी सूचिपर्णी म्हणजे ख्रिसमस ट्री एवढंच आमचं ज्ञान. आपल्या सह्याद्रीत एकही नाही ना असं झाड? जाणकारांच्या प्रतीक्षेत.

पर्णिका

पाऊलवाट, वास नाही हे तुम्ही लिहिलंत म्हणून ओळख सोपी झाली. हे टॅक्सस, इंग्रजीतलं यू. या झाडाच्या पानांत राळेच्या नलिकाच नसतात. गढवाल-कुमाऊंत थुनेर, हिमाचलात राखल किंवा बिरमी, काश्मिरात पोस्तुल. शास्त्रीय नाव आपण शिकलो तेव्हा टॅक्सस बकाटा होतं, मग टॅक्सस वॉलिचियाना झालं, आणि आता पश्चिम हिमालयातल्या झाडांना बरेच जण टॅक्सस कॉन्टॉर्टा ही वेगळी जात मानतात. नावाचं भांडण बाजूला ठेवू, कारण दोन्ही जाती आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'संकटग्रस्त' आहेत.

शंकासुर, महाराष्ट्रात निसर्गतः एकही सूचिपर्णी नाही, हे खरं. पण पश्चिम घाट अगदीच कोरा नाही. खाली केरळ-तमिळनाडूच्या सदाहरित रानांत नगेया वॉलिचियाना नावाचं झाड आहे. त्याची पानं एवढी रुंद की कुणी सूचिपर्णी म्हणणार नाही.

आता थुनेर. याचा स्वभाव समजला की बाकीचं आपोआप उलगडतं. देवदार उन्हात डोकं वर काढणारा. हे सावलीतलं झाड. खरसू, मोरू, रागा यांच्या छत्राखाली, ओलसर उतारांवर, साधारण १८०० ते ३३०० मीटरच्या पट्ट्यात. वाढ अत्यंत संथ. मनगटाएवढं खोड दिसलं तर ते आपल्याहून वयाने मोठं असण्याची शक्यता बरीच आहे.

नर आणि मादी झाडं वेगळी. मादीला शंकू येत नाहीत. एकेक बी, आणि त्याभोवती लाल, रसाळ, वरून उघडी वाटी. सोंगटीएवढी. कस्तूर कुळातले पक्षी ती गिळतात, गर पचतो, टणक बी न फुटता बाहेर पडते आणि दुसऱ्या कुठल्या तरी झाडाखाली पडते. गर सोडून या झाडाचं सगळंच विषारी आहे: पान, साल, बी. टॅक्सिन नावाची अल्कलॉइडं थेट हृदयावर परिणाम करतात. तेव्हा आजीच्या चहाचा प्रयोग कुणी घरी करू नका.

पडलेली बी लगेच रुजत नाही. आत गर्भ अर्धवट असतो; एक हिवाळा, मधला उन्हाळा, पुन्हा दुसरा हिवाळा, एवढं झाल्यावर कुठे अंकुर. तोवर उंदरांनी फस्त केली नाही तर. आणि वाऱ्यावर जाणारे परागकण पोचायला नर झाड हाकेच्या अंतरावर हवं. रानातली दहा झाडं तोडली की अकराव्याला जोडीदार उरत नाही. ते उभं असतं, हिरवं असतं, मोजणीत धरलं जातं. पण पुढची पिढी तिथे संपलेली असते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम राखून ठेवते. आधी सांगा, साल पूर्ण गोल काढली होती की मागे काही शिल्लक होती?

पाऊलवाट

मागून पाहिलंच नाही. तिकडे उतार होता आणि शेवाळावरून पाय सटकत होता. आता हळहळ वाटतेय.

सुंठीचा खडा

पोत्यांचा एक धागा आमच्या दुकानदारीपर्यंत येतो, म्हणून लिहितो. (व्यवसायाने वैद्य.)

तालीसादि चूर्ण बहुतेकांच्या घरात असतं. तालीसपत्र एक भाग, मिरे दोन, सुंठ तीन, पिंपळी चार, वंशलोचन पाच, वेलची-दालचिनी अर्धा अर्धा, आणि साखर बत्तीस. म्हणजे अठ्ठेचाळीस भागांत ज्याचं नाव मिरवतं ते जेमतेम एक भाग. लहानपणी आपण खोकल्यासाठी खायचो ती मुख्यतः साखरच.

तर हे तालीसपत्र कोणतं? आयुर्वेदिक फार्माकोपियात ते एबीस वेबियाना, म्हणजे हिमालयातला फर, ज्याला पर्णिका वर रागा म्हणाल्या. पण बाजारात त्याच नावाने निदान चार वेगवेगळ्या वनस्पती फिरतात. बंगालकडे थुनेरची पानं तालीसपत्र म्हणून विकायची जुनी रीत. दक्षिणेत पाणआवळ्याच्या जातीतल्या झाडाची पानं. उत्तरेत एका बुटक्या ऱ्होडोडेंड्रॉनची. वाळलेली पानं पोत्यात आली की नवशिक्याला फरक कळत नाही.

ओळखायची खूण देतो. फरच्या पानाचं टोक बहुधा मधोमध खाचलेलं असतं आणि खालून दोन पांढरे पट्टे. थुनेरचं टोक निमुळतं, टोचरं. खालचे पट्टे फिकट पिवळट-हिरवे. आणि वास. फरचं जुनं पानही चोळलं तर थोडा तरी वास देतं. मी वासावरून दोनदा माल परत केला आहे.

खोकल्याच्या औषधात हृदयावर परिणाम करणारं पान जाणं ही गंमत नाही. आमच्या क्षेत्रात यावर जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही.

शंकासुर

म्हणजे खोकल्यापायी झाड संपलं? पण वैद्यबुवा, तुम्ही पानांचं सांगताय. धाग्यातल्या झाडाची साल गेलीय. पानांसाठी आलेला माणूस साल कशाला सोलेल?

सुंठीचा खडा

बरोबर पकडलंत. साल आमच्याकडे येत नाही. तिची वाट वेगळी आहे, आणि ती कॅन्सरच्या वॉर्डात जाते.

निळी छत्री

इथे सहसा लिहीत नाही, फक्त वाचते. पण हे वाचून राहवलं नाही.

आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं. दर आठवड्याला एक, असे बारा डोस. आधी ॲलर्जी होऊ नये म्हणून इंजेक्शनं, मग तीन तास थेंब थेंब. नर्सने एकदा सहज सांगितलं, "हे झाडापासून येतं." मी घरी येऊन शोधलं तेव्हा यू वृक्षाचा फोटो दिसला होता, परदेशातला. तो आपल्याकडेही आहे आणि त्याचं नाव थुनेर आहे हे आज कळलं.

आई आता बरी आहे. पायाची बोटं अजून बधिर असतात, चप्पल निसटली तर तिला कळत नाही. पण आहे.

पर्णिकाताई, एक विचारू? तिच्या बारा डोसांसाठी किती झाडं गेली असतील?

पर्णिका

छत्री, आईंना नमस्कार सांगा.

हिशेब करता येतो. मध्यम बांध्याच्या बाईला साप्ताहिक डोस साधारण १२० मिलिग्रॅम. बारा डोस म्हणजे जवळपास दीड ग्रॅम. सुरुवातीच्या काळात अमेरिकेतल्या पॅसिफिक यूच्या सालीपासून हे औषध काढत, तेव्हा एक किलोला सात ते दहा टन वाळलेली साल लागे. म्हणजे दोन-तीन हजार झाडं. त्या भावाने दीड ग्रॅमला दहा-पंधरा किलो साल, तीन-चार मोठी झाडं.

पण आईंच्या सलाइनमधलं औषध त्या पद्धतीचं नसणार, हेही लगेच सांगते. ती गोष्ट थोडी मोठी आहे.

१९६२ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या एका वनस्पतितज्ज्ञाने, आर्थर बार्कले यांनी, वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून या यूचे नमुने गोळा केले. कॅन्सरवर चालतील अशा वनस्पतींचा तो धडाक्याने चाललेला शोध होता. उत्तर कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी सालीतून रेणू वेगळा केला, त्याला टॅक्सॉल नाव दिलं (तेच आईंचं पॅक्लिटॅक्सेल), १९७१ मध्ये रचना प्रसिद्ध केली. पुढे १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी तो काम कसा करतो ते दाखवलं. पेशी दुभंगताना आतले सूक्ष्म तंतू जुळतात आणि सुटतात. टॅक्सॉल त्यांना सुटूच देत नाही; विभाजन मध्येच अडकतं. १९९२ च्या डिसेंबरात बीजांडकोशाच्या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली आणि झाडांवर संक्रांत आली. तिथली जुनी रानं आधीच तिथलं ठिपकेदार घुबड वाचवण्यावरून कोर्टात होती, त्यात ही भर.

सुटका पानांनी केली. फ्रान्समध्ये पियेर पोतिए यांच्या गटाला युरोपीय यूच्या पानांत याच रेणूचा सांगाडा मिळाला. ओल्या पानांच्या किलोमागे ग्रॅमभर. त्यावर प्रयोगशाळेत शेपटी जोडली की औषध तयार. अमेरिकेत रॉबर्ट होल्टन यांनी जोडणीची चांगली रीत काढली आणि १९९४ च्या अखेरीस अशा औषधाला मान्यता मिळाली. पानं पुन्हा फुटतात, साल फुटत नाही. सगळा फरक तिथे आहे. आता तर यूच्या पेशी टाकीत वाढवूनही पॅक्लिटॅक्सेल बनवतात, नाहीतर लागवडीतल्या झाडांची पानं वापरतात.

मग हिमालयात साल का गेली? कारण ही सोय व्हायच्या आधी आणि होत असताना मागणी इथे पोचली होती, आणि तोडणाऱ्याला पैसे किलोवर मिळत. त्याने पानं मागितली तरी फांद्यांसकट उतरवायची, साल मागितली तर उभं झाड सोलायचं. भारतानेच मांडणी करून १९९५ पासून ही जात साइट्सच्या, म्हणजे वन्य जाती-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात घातली, निर्यातीवर बंदीही आली. पाऊलवाटेच्या झाडावरचे घाव जुने आहेत, ते बहुधा त्या धांदलीतलेच. तीस वर्षांत कडा गोल होण्यापलीकडे झाड गेलेलं नाही, यावरून त्याचा वेग समजा.

कातळकडा

पर्णिकाताई, मनसुख वाणी हे नाव एका ओळीत उरकलंत! ते आपल्या नंदुरबारचे. जन्म १९२५, मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिका. २०२० मध्ये गेले. तिकडच्या चौकात एखादी पाटी तरी असावी अशी फार इच्छा आहे.

आणि खरा चटका पुढे आहे. याच वाणी-वॉल जोडीने १९६६ मध्ये कॅन्सरवर चालणारा दुसरा रेणू शोधला, कॅम्प्टोथेसिन. चिनी झाडातून. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तोच रेणू आपल्या एका झाडात सापडला. ते झाड म्हणजे नरक्या. फुलांच्या घाण वासामुळे नाव नरक्या, कुठे कुठे अमृताही म्हणतात. एकाच झाडाला नरक आणि अमृत! कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडच्या माणसाला नरक्या माहीत असतो तो वर्तमानपत्रामुळे: अमुक घाटात टेम्पो पकडला, इतकी पोती नरक्या जप्त. बुंध्याशी छाटून, तुकडे करून, पोत्यात.

म्हणजे एका खानदेशी माणसाच्या दोन शोधांनी लाखोंचे जीव वाचवले, आणि त्याच्याच देशातल्या दोन टोकांच्या दोन झाडांमागे कोयते लागले. यात त्यांचा काय दोष? काहीच नाही. पण नरक्याचं बुंध्यातून पुन्हा फुटलेलं झुडूप दिसलं की मला हे आठवतं.

शंकासुर

कातळकडा, हे नव्हतं माहीत. टोपी काढली.

आता माझी शंका. बंदी आहे, औषध टाकीत बनतं, साल कुणाला नको. मग थुनेर वाढायला हवं. तरी संकटग्रस्त कसं?

पर्णिका

शंका रास्त आहे. कोयता थांबणं ही एक गोष्ट, रान पुन्हा भरणं दुसरी.

मी काही वर्षं कुमाऊंत क्षेत्रकामाला होते. चौकट आखून आतली रोपं मोजायची. थुनेरची बोटभर रोपं दिसायची, गुडघाभर क्वचित, आणि पुरुषभर उंचीची जवळपास नाहीतच. म्हणजे बी रुजते, पण पोर मोठं होत नाही. बघायला लागल्यावर कारण डोक्यावर सापडलं: खरसू. त्याच्या फांद्या चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी दर वर्षी छाटतात, अगदी शेंड्यापर्यंत. छत्र विरळ झालं की खाली ऊन येतं, शेवाळ सुकतं, आणि सावलीत जन्मलेलं रोप करपतं. त्यावर गुरांचे पाय. खरसूचीच नवी रोपं नीट येत नाहीत, तिथे त्याच्या आश्रिताचं काय.

म्हणून 'थुनेर वाचवा' असा फलक लावून थुनेर वाचत नाही. त्या गावातल्या बाईला चारा आणि सरपण जवळ मिळायला हवं. गॅसची टाकी पोचली तिथे मला खरसूचे शेंडे शाबूत दिसले. हे माझं दोन-तीन गावांचं निरीक्षण आहे, संशोधन म्हणून घेऊ नका.

रोपवाटिकेचं म्हणाल तर बियांपेक्षा छाटकलम सोपं. संप्रेरकाच्या पुडीत बुडवून वाळूत खोचलं की काही महिन्यांनी मुळं धरतात. पण दोन खोडी आहेत. आडव्या फांदीचं कलम आयुष्यभर आडवंच पसरतं. त्याचं झाड होत नाही, झुडूप होतं. पानांसाठी लागवड करायची तर उत्तम, रान भरायला निरुपयोगी. आणि माळी हाताशी असलेल्या एकाच झाडाच्या शंभर फांद्या लावतो. ते झाड नर असेल तर शंभरही नर. मी असा एक वाफा पाहिला आहे. सुरेख, हिरवागार, आणि लाल वाटी एकही येणार नाही अशी पक्की व्यवस्था!

निळी छत्री

पाऊलवाट, ते झाड नक्की कुठे आहे? पुढच्या वर्षी आईला घेऊन त्या बाजूला जायचं म्हणतेय. तिला दाखवावंसं वाटतं.

पर्णिका

छत्री, पाऊलवाटेला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि पाऊलवाट, मूळ लेखातलं वाटेचं नाव काढता येईल का? बंदी असली तरी चोरटी तोड पूर्ण थांबलेली नाही. असे धागे गूगलवर वर येतात, आणि वाचणारे सगळेच झाड बघायला जातात असं नाही.

पाऊलवाट

काढलं. डोक्यातच आलं नव्हतं. छत्री, व्यनि केला आहे.

आणि एक गंमत. काल आमच्यातल्या एकाने त्याचे फोटो पाठवले. त्यात मी बुटाची नाडी बांधतोय, आणि मागे तेच झाड, उताराच्या बाजूने! खोडावर तळहाताएवढ्या रुंदीचा सालीचा पट्टा वरपासून खालपर्यंत शाबूत दिसतोय. फोटो चढवला आहे. बघा.

पर्णिका

बघितला. आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

पानांनी केलेलं अन्न मुळांकडे अंतरसालीतून उतरतं. साल गोल काढली की वर झाड हिरवं दिसतं, खाली मुळं उपाशी मरतात. चार-सहा वर्षांत खेळ आटोपतो. इथे एक पट्टा राहिला, आणि त्याच एका पायवाटेने इतकी वर्षं शिधा खाली जातोय. सोलणाऱ्याचाही तिकडच्या उतारावर पाय सटकत असावा.

फोटो मोठा करून बुंधा पाहिला. उजव्या बाजूला, शेवाळाच्या वर, कोवळ्या फिकट हिरव्या काड्या आहेत. तो नवा फुटवा. बहुतेक सूचिपर्णींना बुंध्यातून असं फुटता येत नाही, थुनेरला येतं. जगेल असं म्हणायला माझी हरकत नाही.

आणि तुमच्या डाव्या बुटापाशी, ओकच्या पानावर, एक लाल ठिपका आहे. तुम्ही काही सांडलं होतं का?

पाऊलवाट

नाही हो. आमच्याकडे लाल असं काहीच नव्हतं.

पर्णिका

मग ती वाटी आहे. याच झाडाची की पक्ष्याच्या चोचीतून पडलेली, ते फोटोवरून ठरणार नाही. छत्री, तुम्ही जाल तेव्हा ऑक्टोबरातच जा. दुर्बीण न्या आणि फांद्यांच्या खालच्या बाजूने बघा.

शंकासुर

आणि नाडी घरूनच बांधून जा. शेवाळावर बसू नका.